पक्षी, कीटक आणि क्षणभराचा उजेड

पक्ष्यांचे किंवा कीटकांचे छायाचित्र घेताना फ्लॅश वापरावा की वापरू नये? निसर्गमंडळांत हा विषय निघाला की सहसा दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे, की फ्लॅशमुळे प्राणी बिचकतात, शिवाय चित्र खोटे वाटते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की फ्लॅशशिवाय मुंगीच्या पायांवरचे केस दिसतील इतके स्पष्ट चित्र मिळतच नाही. थोडा विचार केला तर लक्षात येते, की पहिली बाजू पक्ष्यांविषयी बोलत असते आणि दुसरी कीटकांविषयी. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : पक्ष्यांसाठी आज फ्लॅश बहुधा लागत नाही, कीटकांसाठी मात्र तो बहुधा लागतो. हे उत्तर आवडीनिवडीचे नाही. वेळ, अंतर आणि आकार या तीन राशींच्या हिशेबातून ते निघते. हा हिशेब माध्यमिक शाळेतल्या गणिताने आणि भौतिकशास्त्राने सहज मांडता येतो. तो एकदा नीट कळला, की प्रकाश कसा वापरावा हे तर समजतेच. शिवाय चित्र घेण्यासाठी त्या जिवाला त्रास देण्याची गरज किती कमी आहे, हेही समजते.

फ्लॅशच्या आत काय घडते?

कॅमेऱ्यावर लावायच्या फ्लॅशमध्ये मुख्य भाग तीन. पहिला धारित्र, म्हणजे कपॅसिटर. दुसरा झेनॉन वायू भरलेली काचेची नळी. तिसरा, बॅटरीचा काही व्होल्टचा दाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वाढवणारे मंडल. फ्लॅश सुरू केल्यावर बारीक शिटीसारखा आवाज येतो. त्या वेळी हे मंडल धारित्रात विद्युतभार साठवत असते. लाल किंवा हिरवा दिवा लागला, की धारित्र भरले.

आता शटरचे बटण दाबले, की नळीला काही हजार व्होल्टचा एक छोटा झटका दिला जातो. त्याने झेनॉनचे आयनीभवन होते, एरवी वीज न वाहू देणारा वायू एकदम वाहक बनतो आणि धारित्रातली साठवलेली ऊर्जा नळीतून धावते. हाच तो लखलखाट.

धारित्राची धारिता १००० मायक्रोफॅरड आणि विभवांतर ३०० व्होल्ट धरले, तर साठवलेली ऊर्जा (धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग, भागिले दोन) ४५ ज्यूल येते. हा आकडा तसा किरकोळ आहे. ४५ वॉटचा दिवा एका सेकंदात एवढीच ऊर्जा वापरतो. पण फ्लॅश ती सुमारे एक हजारांश सेकंदात बाहेर टाकतो. म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती ४५,००० वॉट झाली! चार पेन्सिल-सेल पाच-सहा सेकंद खपून जे साठवतात, ते एका क्षणात उधळले जाते. फ्लॅशचे सामर्थ्य एकूण ऊर्जेत नाही, ती ऊर्जा किती कमी वेळात मोकळी होते यात आहे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. बिघडलेला फ्लॅश विद्यार्थ्यांना खोलून पाहू देऊ नका. सेल काढून टाकल्यावरही धारित्रात भार राहतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

वेळ : सायकलच्या चाकावर मोजा

फ्लॅश पूर्ण शक्तीने पेटला, तर तो साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. पुरेसा प्रकाश पडताच विद्युतप्रवाह मध्येच तोडण्याची सोय आजच्या फ्लॅशमध्ये असते. त्यामुळे शक्ती कमी केली, की झोत मंद होण्याऐवजी आखूड होतो. अगदी कमी शक्तीवर तो वीस हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो.

हे वर्गात पडताळून पाहता येते. सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या टायरच्या कडेवर, आसापासून ३० सेंटिमीटर अंतरावर, १ सेंटिमीटर रुंदीची पांढरी चिकटपट्टी लावा. चाक स्थिर असताना फ्लॅशने एक चित्र घ्या. ती तुमची मोजपट्टी. आता एकाने पॅडल एका लयीत फिरवावे आणि दुसऱ्याने घड्याळ पाहून फेरे मोजावेत. बोटे, केस आणि ओढण्या चाकापासून दूर ठेवाव्यात. खोलीत अंधार करून पुन्हा फ्लॅशने चित्र घ्या.

समजा, पॅडलचे १५ सेकंदांत ३० फेरे झाले. पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या चक्रीला १८ असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे २.४४ फेरे होतात. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे ४.९ वेळा फिरते आणि पट्टीचा वेग सेकंदाला ९.२ मीटर येतो. एक हजारांश सेकंदात ती ९ मिलिमीटर सरकेल. चित्रातली पट्टी १ सेंटिमीटरऐवजी जवळजवळ २ सेंटिमीटर रुंद आणि कडांना पुसट दिसली, तर तुमचा फ्लॅश एक हजारांश सेकंद टिकतो असे समजा. शक्ती कमी करून तेच चित्र पुन्हा घ्या. पट्टीचा फराटा आखडत गेलेला दिसेल. फराट्याच्या लांबीला वेगाने भागले, की फ्लॅशचा काळ मिळतो.

हाच प्रयोग मोबाइलच्या ‘फ्लॅश’ने करून पाहावा. मोबाइलमध्ये झेनॉनची नळी नसते, एलईडी दिवा असतो. चित्र घेतले जात असताना तो सतत जळत राहतो. मोबाइलने एक तीसांश सेकंद घेतला, तर पट्टी ३० सेंटिमीटर लांबीचा कमानदार पट्टा बनेल. मोबाइलमधला तो दिवा एक छोटी विजेरी आहे. तो हलणाऱ्या वस्तूला थांबवू शकत नाही.

आता हेच गणित मधमाशीला लावू. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. पंखाची लांबी १ सेंटिमीटर आणि हेलकाव्याचा कोन ९० अंश धरला, तर पंखाचे टोक सेकंदाला सरासरी ७ मीटर वेगाने जाते. एक हजारांश सेकंदात ते ७ मिलिमीटर, म्हणजे पंखाच्या लांबीच्या जवळपास पाऊणपट सरकते. अशा चित्रात पंखाच्या जागी धूसर ढग दिसतो. पंचवीस हजारांश सेकंदात मात्र ते जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास सरकते आणि पंखाच्या शिरा मोजता येतात. स्टीफन डाल्टन या इंग्रज छायाचित्रकाराने १९७०च्या दशकात नेमके हेच केले. कीटकाने प्रकाशशलाका ओलांडली की फ्लॅश पेटेल अशी योजना त्याने केली. नेहमीचे शटर उघडेपर्यंत कीटक निघून जाई, म्हणून त्याने वेगळे, अतिजलद शटर वापरले. त्याच्या फ्लॅशचा झोत पंचवीस हजारांश सेकंद टिकणारा होता. त्यातून उडत्या कीटकांची जी चित्रे मिळाली, ती १९७५ साली पुस्तकरूपाने आली. नुसत्या डोळ्यांनी माणसाने कधीही न पाहिलेल्या पंखांच्या अवस्था त्यांत दिसल्या.

अंतर : व्यस्त वर्गाचा नियम

बिंदूवत स्रोतापासून अंतर दुप्पट झाले, की प्रकाश चौपट क्षीण होतो. फ्लॅशच्या खोक्यावर एक ‘गाइड नंबर’ छापलेला असतो. त्यामागे हाच नियम आहे. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागले, की भिंगाचे छिद्र किती ठेवायचे ते मिळते. हे छिद्र एफ-अंकात मोजतात. एफ-अंक म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. म्हणून अंक मोठा, तर छिद्र लहान.

गाइड नंबर ४० असलेला, म्हणजे चांगलाच मोठा फ्लॅश घ्या. आयएसओ १०० या संवेदनशीलतेला २ मीटरवरच्या वस्तूसाठी एफ २० चालेल. १० मीटरवर एफ ४ लागेल आणि २० मीटरवर एफ २. पक्षी सहसा दहा-वीस मीटरवरच असतो. एफ २ इतके मोठे छिद्र असणारी दूरदर्शी भिंगे मिळत नाहीत म्हटले तरी चालेल; शाळेच्या ऐपतीत तर नाहीतच. म्हणजे पक्ष्यापर्यंत पोहोचेतो फ्लॅशची सारी ताकद संपलेली असते.

कीटकाचे उलटे आहे. तो २० सेंटिमीटरवर असतो. गाइड नंबर २० असलेल्या लहान फ्लॅशनेही तेथे एफ १०० इतका उजेड पडतो! एवढा उजेड लागत नाही. म्हणून फ्लॅशची शक्ती घटवता येते, आणि शक्ती घटवली की झोत आखूड होतो हे आपण पाहिलेच. जवळ जाण्याने प्रकाश आणि वेग असे दोन्ही फायदे एकदम मिळतात.

आकार : दोन मिलिमीटरची अडचण

पक्ष्यासाठी फ्लॅश दुबळा पडतो हे कळले. पण तो न वापरून चालते का? येथे तिसरी राशी येते.

कोणतेही भिंग एका ठरावीक अंतरावरचाच भाग अगदी स्पष्ट दाखवते. त्याच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचेही डोळ्याला स्पष्ट वाटते. या स्पष्ट थराची जाडी छिद्र लहान केले की वाढते आणि वस्तू मोठी करून दाखवू लागलो की झपाट्याने घटते. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने १० मीटरवरच्या बुलबुलाचे चित्र घेताना एफ ५.६ ठेवले, तरी हा थर सुमारे २० सेंटिमीटर जाड असतो. अख्खा बुलबुल त्यात बसतो. याउलट मुंगळ्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी घ्यायची तर एफ ४ ला हा थर अर्धा मिलिमीटर असतो. एफ १६ पर्यंत छिद्र बारीक केले तरी तो जेमतेम २ मिलिमीटर होतो. मुंगळ्याचे डोके स्पष्ट आले तर अलीकडचा पाय पुसट होतो.

म्हणून कीटकाला एफ १६ लागतोच, आणि त्याची किंमत प्रकाशाच्या रूपात द्यावी लागते. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ असताना सुमारे एक शतांश सेकंद लागतो. खऱ्या आकाराएवढ्या प्रतिमेसाठी भिंग संवेदकापासून दूर न्यावे लागते, त्यामुळे प्रकाश आणखी चौपट घटतो आणि वेळ एक पंचविसांश सेकंद होतो. वाऱ्याने पान सेकंदाला फक्त २ सेंटिमीटर हलत असेल, तर तेवढ्या वेळात ते ०.८ मिलिमीटर सरकते. मुंगळ्याचा डोळा पुसून जायला एवढे पुरेसे आहे. सावलीत तर उन्हाच्या एक अष्टमांश प्रकाश असतो, म्हणजे वेळ जवळपास एक तृतीयांश सेकंद! आयएसओ १६०० केला तरी तो एक पन्नासांश सेकंद राहतो. फ्लॅशचा दहा हजारांश सेकंदाचा झोत असेल, तर तेच पान फक्त ०.००२ मिलिमीटर सरकते.

बुलबुलाचा हिशेब पाहा. तोच सावलीतला प्रकाश, पण एफ ५.६. आयएसओ १६०० ला वेळ येतो सुमारे एक सोळाशेअंश सेकंद. बसलेल्याच काय, उडणाऱ्या पक्ष्यालाही तो पुष्कळदा पुरतो. कॅमेऱ्याचा संवेदक सुधारला तसा पक्ष्याचा प्रश्न सुटला. कीटकाचा प्रश्न भूमितीचा आहे, म्हणून तो अजून फ्लॅशवाचून सुटत नाही.

पूर्वी पक्ष्यांना फ्लॅश का लागे?

जुन्या पुस्तकांत पक्ष्यांची फ्लॅशने घेतलेली सुंदर छायाचित्रे असतात. ती पाहून फ्लॅश आवश्यकच आहे असा समज होतो. तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी.

इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली थ्रश जातीच्या पक्ष्याचे अंड्यांसह घरटे टिपले. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक आले. पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी पेंढा भरलेला पोकळ बैल बनवला होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसत! काचपट्ट्यांची संवेदनशीलता इतकी कमी होती, की न हलणारी गोष्टच टिपता येई. घरटे हलत नाही, म्हणून घरटे.

१८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक पूड निघाली होती. ती पेटवून जॉर्ज शायरस या अमेरिकन छायाचित्रकाराने रात्रीच्या हरणांची चित्रे घेतली; १९०६ साली ती ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापून आली. पण या पुडीचा धूर होई आणि मोठा आवाजही होई. १९३०च्या सुमारास एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब आले. १९३१ पासून अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी विद्युत-झोताचे तंत्र विकसित केले. गुंजन पक्ष्याचे हवेत थांबलेले पंख त्यांनी याच तंत्राने टिपले.

१९४०च्या दशकात हे साधन एरिक हॉस्किंग या इंग्रज पक्षी-छायाचित्रकाराच्या हाती आले. १९४८ साली त्याने टिपलेले, चोचीत उंदरासारखा प्राणी धरून पंख पसरलेले गव्हाणी घुबड जगभर गाजले. रंगीत फिल्म आली ती आणखी मंद होती. १९७४ साली निघालेली ‘कोडॅक्रोम ६४’ निसर्ग-छायाचित्रकारांची लाडकी होती, पण तिची संवेदनशीलता नावाप्रमाणे ६४ च होती. आज आयएसओ ३२०० ला चांगले चित्र मिळते. म्हणजे पन्नासपट फरक! जुन्या मंडळींना जे फ्लॅशने साधावे लागले, ते आज झाडाखालच्या साध्या उजेडात साधते.

दिशा आणि विस्तार : चित्र खरे की खोटे?

आपल्याला छायाचित्र हवे असते ते ओळख पटवण्यासाठी आणि नोंद ठेवण्यासाठी. प्रकाश चुकला, तर नोंदही चुकते. तीन उदाहरणे पाहू.

पहिले काळ्या पार्श्वभूमीचे. दुपारी बारा वाजता टिपलेले फुलपाखरू पुष्कळदा मध्यरात्री टिपल्यासारखे दिसते. कारण पुन्हा व्यस्त वर्गाचा नियम. फुलपाखरू फ्लॅशपासून २० सेंटिमीटरवर आणि मागचे झुडूप २ मीटरवर असेल, तर झुडपावर शंभरपट कमी प्रकाश पडतो. उपाय दोन आहेत. ज्याच्या मागे जवळच एखादे पान आहे असा कोन निवडावा. किंवा शटर थोडे अधिक वेळ उघडे ठेवून मागच्या दृश्याला दिवसाचा उजेड मिळू द्यावा.

दुसरे चकाकीचे. भुंगेऱ्याची पाठ गुळगुळीत असते. तिच्यावर फ्लॅशचा पांढराशुभ्र ठिपका उमटतो आणि तेथले ठिपके, रेघा नाहीशा होतात. लेडीबर्ड भुंगेऱ्याची जात ठरवायला ठिपके मोजावे लागतात, तेव्हा हे परवडत नाही. भुंगेऱ्याच्या जागेवरून पाहिले तर प्रकाशाचा स्रोत किती रुंद दिसतो, यावर सारे अवलंबून आहे. सूर्य आकाशात अर्धा अंश व्यापतो, म्हणून उन्हातल्या सावल्या तीक्ष्ण असतात. ६ सेंटिमीटर रुंदीचा फ्लॅश २० सेंटिमीटरवरून सुमारे १७ अंश व्यापतो. त्याच्यापुढे, कीटकापासून १० सेंटिमीटरवर, २० सेंटिमीटर रुंदीचा ट्रेसिंग पेपर धरला, तर तो कागदच प्रकाशाचा स्रोत बनतो आणि ९० अंश व्यापतो. चकाकी पसरून मंद होते, सावल्या मऊ होतात आणि ठिपके मोजता येतात. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. दोन रुपयांचा कागद आणि तारेची चौकट पुरते.

तिसरे उदाहरण शिंजिराचे. विणीच्या काळात जांभळ्या शिंजिराचा नर कधी कोळशासारखा काळा, तर कधी झळाळत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा दिसतो. हा रंग निळ्या रंगद्रव्याचा नसतो. पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो तयार होतो, म्हणून तो प्रकाशाच्या आणि पाहण्याच्या दिशेवर ठरतो. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर झळाळी दिसते. सूर्य पक्ष्यामागे असेल तर काळा पक्षी दिसतो. ‘काळा पक्षी दिसला’ अशी नोंद करण्यापूर्वी पक्ष्याभोवती अर्धे वर्तुळ चालून यावे. कित्येक फुलपाखरांच्या आणि भुंगेऱ्यांच्या झळाळीलाही हाच नियम लागू आहे.

दिशेचा आणखी एक परिणाम रात्री दिसतो. रातव्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. भिंगाला चिकटून असलेल्या फ्लॅशचा प्रकाश तो थेट भिंगात परत पाठवतो आणि चित्रात डोळ्यांच्या जागी दोन निखारे येतात. तो त्या पक्ष्याच्या डोळ्यांचा रंग नव्हे.

चित्रासाठी कोणाची किंमत?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुन्या काळी प्रकाश कमी पडे, म्हणून घरट्यावर ऊन यावे यासाठी आजूबाजूच्या फांद्या बाजूला बांधत किंवा तोडत. ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरट्यावरचे एक पान काढणे म्हणजे अंगावर पिसे नसलेल्या पिलांना चाळीस अंशांच्या उन्हात ठेवणे होय. शिवाय जे आपल्याला दिसू लागते, ते कावळ्यालाही दिसू लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. हॉस्किंगचाही अनुभव बोलका आहे. १९३७ साली घरट्याजवळच्या लपणात शिरताना एका घुबडाने त्याच्यावर झडप घातली आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. पिलांचे रक्षण करणारा पक्षी आपल्याला शत्रूच समजतो. विणीच्या हंगामात घरट्याचे चित्र शाळेच्या उपक्रमात नकोच.

घुबडे, पिंगळे, रातवे यांच्यावर रात्री फ्लॅश वापरू नये असे आम्हाला वाटते. या पक्ष्यांचे दृष्टिपटल मंद प्रकाशासाठी घडलेले असते. माणसाच्या डोळ्याला अंधाराला पुरते सरावायला सुमारे अर्धा तास लागतो. दिपलेल्या डोळ्यांनी विजेच्या तारांमधून उडण्याची वेळ आपण पक्ष्यावर का आणावी? संधिप्रकाशात, आयएसओ वाढवून पिंगळ्याचे चित्र मिळते.

कीटकांच्या बाबतीत त्रास वेगळ्या रीतीने दिला जातो. कीटक हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात गारठवणे, पायांना गोंद लावणे असले प्रकार काही जण करतात. असे चित्र कितीही सुबक असले, तरी त्यातली बसण्याची ढब खोटी असते. अभ्यासाला ते निरुपयोगी. आपण वर जो हिशेब केला, त्याचा खरा उपयोग येथे आहे. दहा हजारांश सेकंदाचा झोत हाताशी असताना कीटकाला थांबवण्याची गरजच उरत नाही. वेळ थांबवता येतो, मग जीव कशाला थांबवायचा?

रात्री पांढरी चादर टांगून, तिच्यापुढे दिवा लावून पतंग पाहण्याचा कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी होतो. तो जरूर करावा, पण बेताने. पतंग दिव्याकडे ‘आकर्षित’ होतात असे आपण म्हणतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिजलद कॅमेऱ्यांनी वेगळेच दिसले. उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात. एरवी प्रकाश वरून, आकाशातून येतो, म्हणून या सवयीने त्यांचे शरीर सरळ राहते. दिवा जवळ असला, की तीच सवय त्यांना दिव्याभोवती फिरवत ठेवते. म्हणजे ते एका अर्थी अडकलेले असतात. म्हणून दोन तासांनी दिवा विझवावा आणि चादर हलकेच झटकून मगच आवरावे. रात्रभर दिवा ठेवला, तर पहाटे चादरीवरचे पतंग पक्ष्यांची न्याहारी होतात.

शाळेत काय करता येईल?

फ्लॅश असलेला कॅमेरा शाळेत नसला तरी बिघडत नाही. मोबाइल आणि सूर्यप्रकाश घेऊनही पुष्कळ साधते. सकाळी आठच्या सुमारास, वारा पडलेला असताना कुंपणाशी जावे. त्या वेळी कीटक थंड आणि मंद असतात, ऊनही तिरपे असते. एकाने पांढरा पुठ्ठा सावलीच्या बाजूला धरावा. परतणाऱ्या प्रकाशाने कीटकाची अंधारी बाजू उजळते. ऊन कडक असेल, तर दुसऱ्याने ट्रेसिंग पेपर कीटकावर छत्रीसारखा धरावा. तिसऱ्याने छायाचित्र घ्यावे. आरशाने थेट कवडसा पाडू नये. तो उन्हाइतकाच तीक्ष्ण असतो आणि कीटकाला तापवतो.

वर्गाला तीन चित्रांचा एक उपक्रम देता येईल : एकाच भुंगेऱ्याचे थेट उन्हात, ट्रेसिंग पेपरखाली आणि पुठ्ठ्याच्या परावर्तित प्रकाशात घेतलेले चित्र. पाठीवरच्या कोणत्या खुणा कोणत्या चित्रात दिसतात, त्याचा तक्ता मुलांनी करावा. वरच्या वर्गांनी सायकलच्या चाकाचा प्रयोग करून आपल्या फ्लॅशचा काळ काढावा आणि मधमाशीचा पंख त्यात किती सरकेल ते मांडावे.

प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहिण्याची सवय आपण मुलांना लावतोच. त्यात आणखी दोन ओळींची भर घालावी : प्रकाश कोठून आणि कशातून येत होता, आणि चित्र घेतल्यानंतर त्या जिवाने काय केले. तो तेथेच खात राहिला, की उडून गेला? दुसऱ्या ओळीत ‘तेथेच होता’ असे पुन्हा पुन्हा लिहिता येऊ लागले, की विद्यार्थी चांगला छायाचित्रकार झाला असे खुशाल समजावे.